वेळासचा अंधार

सकाळी सातला वेळासच्या किनाऱ्यावर दोरीच्या अलीकडे शंभरेक माणसं उभी होती. कासवमित्रानं कुंपणातल्या खड्ड्यावरची टोपली उचलली. खाली वाळूनं माखलेली, काळपट, तळहातापेक्षाही लहान अशी चार पिल्लं. पाण्यापासून थोडी अलीकडे सोडल्यावर ती क्षणभर थबकली आणि वल्ह्यांसारखे पाय मारत निघाली. एक उताणं पडलं. कुणीतरी हात पुढे केला, तसा कासवमित्र म्हणाला, "राहू द्या. त्याचं त्याला जाऊ दे."

मंडणगड तालुक्यातलं हे गाव नाना फडणवीसांचं. पूर्वी इथली कासवाची अंडी माणसं नेत, उरलेली कोल्ही-कुत्री उकरत. 2002 साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र'नं गावकऱ्यांना सोबत घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. 2006पासून कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे आले आणि त्यांची सोय गावानं आपल्याच घरांत केली.

आम्ही उतरलो होतो त्या घरी मी शहरी सवयीनं विचारलं, "जेवायला पर्याय काय काय आहेत?" काकूंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "पर्याय कसले? घरात शिजलंय ते." कुयरीची भाजी, कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी, सोलकढी. ओटीवर पंगत बसली. उत्तर तुटक होतं, वाढणारा हात मात्र सढळ. मी गिऱ्हाईक म्हणून गेलो होतो, त्यांनी मला पाहुणा करून टाकलं.

जेवणानंतर विजेरी घेऊन निघालो, तर काकांनी अडवलं. "किनाऱ्याकडं उजेड नको." पिल्लं उजळ क्षितिजाच्या रोखानं चालतात. रात्री तो उजळपणा समुद्राकडे असतो. किनाऱ्यावर दिवे लागले की ती उलटी फिरतात आणि जमिनीकडे चालत राहतात.

उलटी फिरलेली गावंही मी पाहिली आहेत. पाहुण्यांच्या उजेडाकडे बघत ती चालत राहिली. आता तिथं चिऱ्याच्या घराजागी काचेची इमारत आहे, ताटात पनीर आहे आणि खिडकीबाहेर समुद्र नसता तर आपण कुठल्या गावात आहोत हेही कळलं नसतं.

अर्थात अंधार राखा हे दोन दिवसांच्या पाहुण्यानं सांगणं सोपं आहे. आम्हीही गाड्या घेऊनच आलो होतो. गावातल्या पोराला मुंबईची खोली टाळायची असेल, तर चार पैसे इथंच मिळायला हवेत. वेळासचं शहाणपण मला यात दिसतं, की ते पैसे अंधार राखल्यानंच मिळतात. कासव आलं नाही, तर पाहुणाही येणार नाही.

मोठी झालेली मादी अंडी घालायला आपल्या जन्मकिनाऱ्याच्या परिसरात परतते. तोवर तो किनारा ओळखू येण्यासारखा राहायला हवा, आणि ते काम एकट्या गावाचं नाही. वेळासला गेलात तर विजेरी खिशातच ठेवा. आणि हो, जेवायला पर्याय विचारू नका.