रंजनाचे ऋण

लेखक होऊ पाहणाऱ्याने आपला वारसा सांगताना ज्ञानेश्वर-तुकारामांपासून आरंभ करावा, असा संकेत आहे. माझा आरंभ मात्र बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजार व काळापहाडपासून आणि बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर लागणाऱ्या बिनाका गीतमालेपासून होतो. १९५२ मध्ये आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली; त्याच वर्षी अमीन सयानींचा हा कार्यक्रम सुरू झाला आणि साऱ्या देशाचे कान कोलंबोकडे लागले. अखेर १९५७ मध्ये विविध भारती काढून सरकारलाही या आवडीची दखल घ्यावी लागली.

झुमरीतिलैयासारख्या अभ्रकाच्या खाणींच्या गावाहून फर्माईशींची पत्रे येत. आपले नाव दूरवर कुणीतरी उच्चारावे, ही त्यांमागची ओढ मला लेखनाच्या मूळ प्रेरणेहून वेगळी वाटत नाही.

हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या अर्नाळकरांना समीक्षेच्या ग्रंथांत फारशी जागा मिळाली नाही. पण दिवसभर राबून थकलेला माणूसही दिव्याखाली पान उलटत राहील, असे लिहिणे ही लहान विद्या नव्हे. उद्या माझे लेखन गंभीर म्हणवले गेले, तरी त्या वाचकाला परका होईन असे एकही वाक्य मला लिहायचे नाही.