आत्याचा फोन

इस्रायलमधल्या अश्दोदहून आत्याचा फोन आला की आधी ठाण्याच्या पावसाची चौकशी होते. मग भाव, मासळी, कुणाचं लग्न. मध्येच ती "थांब गं" म्हणते. दार ओढल्याचा आवाज, मागे नातवंडांचं हिब्रू. त्यांच्या शहरात रॉकेटच्या भोंग्यानंतर पंचेचाळीस सेकंद मिळतात, तेवढ्यात काँक्रीटच्या खोलीत शिरायचं. जरा वेळाने पुन्हा तिचं अलिबागकडचं मराठी: "हां, पापलेटाचं काय म्हणत होतीस?"

7 ऑक्टोबर 2023 ला शनिवार होता. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात आम्हा बेने इस्राएल यहुद्यांना शनवार तेली म्हणत. आत्या अजून तशीच. शब्बाथला फोनला हात लावत नाही, त्यात त्या दिवशी सिम्हात तोराचा सण. तिकडे सकाळी साडेसहाला रॉकेटं सुरू झाली, तेव्हा आमच्याकडे नऊ वाजत होते. मी फोन लावला आणि तिने उचलला. काय झालंय ते मला तेवढ्यावरूनच कळलं.

नोव्हेंबर 2008 मध्ये कुलाब्याच्या नरिमन हाउस या यहुदी केंद्रावर हल्ला झाला, तेव्हा ती रडत म्हणत होती, "पोरांना घेऊन इकडे ये." आता मी म्हणाले, "थोडे दिवस ठाण्याला ये." तेव्हा मी गेले नाही, आता ती आली नाही. तिकडे आमच्या लोकांसाठी पायघड्या नव्हत्या, हे तिला माझ्याहून जास्त ठाऊक. लग्नाआधी पिढ्यांची चौकशी करणाऱ्या रब्बींविरुद्ध तिथल्या आमच्या लोकांनी जेरुसलेमात धरणं धरलं. 1964 मध्ये तिथल्या संसदेने बेने इस्राएल पूर्ण यहुदीच आहेत असं जाहीर केलं. पण ज्या घरासाठी भांडलो ते सोडवत नाही, तसं काहीसं असावं.

आतेभावाला राखीव सैन्यात बोलावलं. तो सुखरूप आला तर एलियाहू हन्नाबीचा मलिदा करीन असा नवस आत्या बोलली होती. गोड पोहे, खोबरं, फळं. मीही इथे तोच बोलले होते, एकमेकींना न सांगता.

गाझातली पोरं टीव्हीवर दिसायची. बरेच दिवस मी गप्प राहिले. मुलगा सीमेवर असलेल्या बाईला काय विचारायचं? शेवटी विचारलंच. "तू भोंगा ऐकला नाहीस," ती म्हणाली. खरंच होतं. पण भोंगा न ऐकणाऱ्यालाही डोळे असतात, असं मी म्हटलं, आणि अजूनही मला तसंच वाटतं. आत्या रागावली. पुढचा फोन मात्र तिनेच केला, आणि गाझाचा विषयही तिनेच काढला.