वत्सगुल्मांतील एक दुपार

गेल्या चैत्रांत आम्हांस वाशीमला जाण्याचा योग आला. अकोल्याहून लोहमार्गानें हें अंतर सुमारें ८० किलोमीटर. पूर्वीं येथें अरुंद रुळांवरची लहान गाडी धांवे. धांवे म्हणण्यापेक्षां रमतगमत येई म्हणणें बरें. २००८ सालीं रूळ रुंद झाले. खिडकीबाहेर काळें, भेगाळलेलें रान पसरलें होतें. सोयाबीन केव्हांच निघालें होतें, तुरीच्या धसकटांतून गुरें हिंडत होतीं, आणि मधूनच एखादा पळस तेवढा पेटलेला दिसे.

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखरानें काव्यमीमांसेंत काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचा विवाह याच नगरींत लावला आहे. ज्यानें सारा जन्म मुलांकडून रूपावली घोकवून घेण्यांत घालविला, त्यास या गांवीं आजोळीं आल्याचा आनंद व्हावा यांत नवल नाहीं. पद्मतीर्थ पाहिलें, बालाजीचें दर्शन घेतलें आणि मध्यमेश्वराच्या देवळांत येऊन टेकलों. आमच्या जुन्या ज्योतिषांची मध्यरेषा लंकेपासून मेरूपर्यंत जाते. भास्कराचार्यांनीं शके ११०५ च्या करणकुतूहलांत या रेषेवरील स्थळें सांगतांना वत्सगुल्म आणि उज्जयिनी हीं दोन्हीं घेतलीं आहेत. आजच्या मोजणीनें वाशीम उज्जयिनीच्या पूर्वेस सव्वा अंशाहून अधिक आहे. म्हणजे सूर्य येथें सुमारें साडेपांच मिनिटें आधीं माथ्यावर येतो. आचार्यांच्या बुद्धींत उणें नव्हतें. परंतु चंद्रग्रहणाची वाट पाहावी आणि घटिकापात्र बुडण्याकडे डोळे लावून बसावें, एवढ्यावर पांच मिनिटें कशीं पकडतां येणार?

साधनांचा हा विचार त्या दिवशीं मनांत येण्यास कारण होतें. दुपारीं आम्हांस एका मातीच्या प्रयोगशाळेंत जावयाचें होतें. ज्याच्या आग्रहास्तव आलों तो आमचा जुना विद्यार्थी; रिसोड तालुक्यांत त्याची शेती आहे. त्याच्या उजव्या हातावर अंगठ्यापासून मनगटापर्यंत एक पांढुरका वण आहे, आणि तो वण आमच्या हातून झालेला आहे.

१९८४ सालची गोष्ट. शाळेंतले शास्त्राचे शिक्षक रजेवर होते. तास रिकामा जाऊं नये म्हणून संस्कृतच्या मास्तरांस वर्गावर धाडलें. आम्ही एका हातांत पुस्तक व दुसऱ्या हातांत पाण्याचें भांडें घेऊन प्रयोग करूं लागलों. गंधकाम्ल नेहमीं पाण्यांत थोडें थोडें सोडावयाचें, अम्लावर पाणी कदापि ओतावयाचें नाहीं, कारण त्या उष्णतेनें पाणी क्षणांत उकळून अम्लासह उसळतें. ही सूचना पुस्तकांत होती, पण पान उलटल्यावर. चंचुपात्र धरून उभा असलेला मुलगा ओरडला. शाळेंत नळ नव्हता; माठांतलें पाणी होतें तेवढें ओतलें. घरीं त्यानें आंधण सांडल्याचें सांगितलें. त्याचे वडील दुसऱ्या दिवशीं भेटले, तेव्हां आम्हीं तें खोडून काढलें नाहीं. पुढें कित्येक वर्षें त्या कपाटाची किल्ली आमच्या खणांत पडून राहिली आणि मुलें फळ्यावरच्या खडूच्या चित्रांवर रसायनशास्त्र शिकलीं.

प्रयोगशाळा दोन खोल्यांची. दाराशींच डोळे धुण्याचें फवाऱ्याचें भांडें व डोक्यावर पाण्याची झारी. साखळी ओढली कीं पाणी कोसळावें. आम्ही तेथेंच कांहीं वेळ उभे राहिलों.

नत्र मोजण्याची रीत डेन्मार्कच्या केल्डालनें १८८३ सालीं कार्ल्सबर्गच्या मद्यशाळेशीं निगडित प्रयोगशाळेंत बसविली. (उगम मद्यशाळेंत असला तरी सोंवळ्यांतल्या वाचकांनीं नाक मुरडूं नये, आपल्या शेताचें नत्र त्याच रीतीनें कळतें.) पूर्वीं यासाठीं काचेच्या कुप्या ओळीनें शेगड्यांवर तासन्‌तास कढत, अम्लाचा पांढरा धूर खोलीभर पसरे, आणि वाफ निवविण्यासाठीं नळाचें पाणी सारखें मोरींत वाहून जाई. आतां ॲल्युमिनियमच्या जाड ठोकळ्यास भोंकें पाडलेलीं असतात. नळ्या त्यांत खोल बसतात, त्यामुळें आंच हवेंत फुकट न जातां नळीलाच लागते. वरच्या झांकणांतून धूर ओढला जाऊन क्षाराच्या पाण्यांत जिरतो. ठरलेली वेळ भरली कीं वीज आपोआप बंद. शेजारच्या ऊर्ध्वपातनाच्या यंत्रास पारदर्शक दार आहे. तें लावल्याखेरीज यंत्र चालूच होत नाहीं. ही युक्ति आम्हांस सर्वांत आवडली. घाईंत असलेल्या मास्तरास पुस्तकाचें पान उलटावयास लावणारें दार आहे तें!

शुद्ध पाण्याचा हिशेबही ऐकण्यासारखा आहे. एक लिटर पाणी उकळून त्याची वाफ करावयास सुमारें पाऊण युनिट वीज लागते, आणि ती वाफ निवविण्यास दहा लिटर तरी थंड पाणी. ज्या जिल्ह्यांत वैशाखांत टँकरची वाट पाहावी लागते, तेथें प्रयोगशाळेनें असें पाणी सोडणें शोभत नाहीं. येथें आतां पाणी पडद्यांतून व राळेच्या कणांतून गाळून शुद्ध होतें. वीज अगदीं थोडी पुरते.

सारेंच मात्र गोड नाहीं. विजेचा दाब वरखालीं झाला कीं हीं नाजूक यंत्रें रुसतात, आणि सुटा भाग मोठ्या शहराहून येईपर्यंत मातीच्या पिशव्या साठत राहतात. यंत्र कितीही हुशार असलें तरी पिशवींत बांधाजवळची किंवा शेणखताच्या ढिगाखालची माती भरली तर उत्तर त्याच मातीचें येणार. आमच्या विद्यार्थ्यानें मात्र नागमोडी चालत दहा ठिकाणीं इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे खड्डे घेतले होते, माती सावलींत वाळवून तिचे चार भाग करीत करीत अर्धा किलो उरविली होती. १९ फेब्रुवारी २०१५ रोजीं मृदा आरोग्य पत्रिकेची योजना निघाली. तींत मातीचे बारा गुण तपासतात. ती पत्रिका तो पोथीसारखी कापडांत गुंडाळून ठेवतो.

शेवटीं सेंद्रिय कर्ब तपासणाऱ्या मुलीपाशीं आलों. वॉकली व ब्लॅक यांच्या १९३४ च्या या रीतींत शेगडी नाहींच. मातींत डायक्रोमेटचें द्रावण घालून वर तीव्र गंधकाम्ल सोडतात. अम्ल व पाणी यांच्या मिलाफानें जी उष्णता निघते तिच्यावरच काम भागतें. ज्या उष्णतेनें एका मुलाचा हात भाजला, ती येथें मुकाट्यानें चाकरी करीत होती. अम्लाच्या बाटलीच्या तोंडाशीं दट्ट्या होता. दाबला कीं नेमकें २० मिलिलिटर पडे, बाटली कलती करावयास नको. उरलेलें द्रावण विषारी, म्हणून तें निराळ्या पिंपांत.

मुलीचें लक्ष त्या वणाकडे गेलें. "काका, हात कशानं भाजला?"

त्यानें आमच्याकडे पाहिलेंही नाहीं. "लहानपणीं आंधण सांडलं होतं."

"नाहीं, बाई," आम्ही म्हणालों, "तें आमच्याकडून झालें. आम्हीं गंधकाम्लावर पाणी ओतलें होतें."

ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, "आजोबा, अशा वेळीं निदान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखालीं हात धरायचा असतो."

"माठांत तेवढं पाणी नव्हतं," तो म्हणाला.

बाहेर येऊन चहा घेतला. त्या गोष्टीबद्दल तो कांहीं बोलला नाहीं, आम्हांसही पुढें शब्द सुचेना. गाडीच्या वेळीं त्यानें आमची पिशवी त्याच हातानें उचलून डब्यांत ठेवली.

आठवड्यानें त्याचा निरोप आला. नत्र कमी, स्फुरद मध्यम, पालाश भरपूर, जस्त कमी. पालाशाच्या खताचे पैसे यंदा वांचले. त्यांतून तो जस्ताचें खत घेणार आहे. खालीं आणखी एक ओळ होती: "गुरुजी, वडील हयात आहेत. त्यांना भेटायला केव्हां येतां?"

अक्षय्यतृतीयेनंतर जाण्याचें आम्हीं ठरविलें आहे.