जर्मनच्या होडीला ठिगळ

किन्हीराजा गावातल्या माझ्या वर्कशॉपात जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, पातेली आणि दुधाच्या कॅन नेहमी येतात. तलावावरची होडी क्वचित येते. आणणारा म्हणतो, "भाऊ, एक टाका मारून द्या." मी आधी विचारतो, भोक पडलं कशानं?

अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो आणि तोच त्याला सांभाळतो. होडीच्या तळाशी ओला चिखल साचून राहिला की त्याखाली हा थर फुटतो, पुन्हा धरत नाही, आणि पत्रा ठिपक्याठिपक्यानं खोल खात जातो. लोखंडी साखळी किंवा तांब्याची तार ओल्यात टेकून राहिली तर झीज आणखी वाढते, कारण दोन धातू आणि पाणी मिळून बॅटरी तयार होते आणि त्यात खर्ची पडतं ते अ‍ॅल्युमिनियम. 1895 साली अमेरिकेत 'डिफेंडर' नावाची शर्यतीची नौका बांधली, खाली कांस्य आणि वर अ‍ॅल्युमिनियम. तिनं त्या वर्षी अमेरिका चषक जिंकला, पण खाऱ्या पाण्यात ती अशी झिजली की 1901 मध्ये मोडीत काढावी लागली. गोड्या पाण्यात हे सावकाश होतं, पण होतंच.

भोक शोधायला होडी नीट आधारावर ठेवून आत वीतभर पाणी भरावं आणि बाहेर थेंब फुटेल तिथे खडूनं खूण करावी. सुईच्या टोकाएवढं भोक असेल तर दोन्ही बाजू घासून इपॉक्सी भरलं तरी चालतं. त्याहून मोठ्याला मी ठिगळ लावतो: त्याच जातीचा पत्रा, कोपरे गोल, मधे पॉलियुरेथेन सीलंट आणि बंद टोकाचे अ‍ॅल्युमिनियमचे रिबेट. साध्या पॉप रिबेटात लोखंडी खिळ्याचं डोकं आत अडकतं आणि पुढच्या भोकाची सुरुवात तिथूनच होते. घासायचा ब्रश स्टेनलेसचा हवा, आधी लोखंडावर चालवलेला नको. चीर गेली असेल तर तिच्या दोन्ही टोकांना बारीक छिद्र पाडल्याशिवाय ती थांबत नाही.

वेल्डिंगचं काय, असं पोरं विचारतात. अ‍ॅल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, वरचा ऑक्साइड मात्र 2000 अंशांच्याही पुढे. शिवाय तापल्यावर ते लोखंडासारखं लाल होऊन इशारा देत नाही. एकदम खाली गळतं आणि टाचणीएवढ्या भोकाचं रुपयाएवढं होतं. आर्गनचं टिग मशीन आणि सराईत हात असेल तर टाका उत्तम बसतो. पण दीड मिलिमीटरच्या पत्र्याला आपल्या गावच्या साध्या मशीननं हात लावू नये, हे माझं ठाम मत आहे.

मासेमारी करणाऱ्या भावांना एकच विनंती. होडी काठावर आली की चिखल धुवा, ती पालथी ठेवा, साखळीखाली रबराचा तुकडा घाला. आणि अंगठ्यानं दाबल्यावर तळ लवत असेल तर ठिगळ मागू नका, पत्रा बदलून घ्या.