माळ आणि चिठ्ठी

व्यसनी माणसाला व्यसन न केल्याबद्दल बक्षीस द्यावें, ही कल्पना ऐकली म्हणजे आपल्यापैकीं बहुतेकांच्या कपाळाला आठ्या पडतात. जें करूंच नये तें न केल्याबद्दल इनाम कसलें? मग जन्मांत न पिणाऱ्यांनीं काय पाप केलें? प्रश्न रास्त आहे. मात्र तो विचारणाऱ्यानें एकदां जुन्नर-आंबेगांवाकडे फेरी मारावी, असें मला वाटतें.

अमेरिकेंत व्हरमाँट विद्यापीठांत स्टीफन हिगिन्स यांनीं १९९० नंतरच्या दशकांत कोकेनच्या रोग्यांवर ही रीत चालविली. आठवड्यांतून अनेकदां लघवी तपासावयाची. ती निर्दोष निघाली कीं लगेच कुपन हातावर ठेवावयाचें. सलग निर्दोष निघेल तशी त्याची किंमत वाढे. एकदां चुकलें कीं पुन्हां पहिली पायरी. कुपनावर वस्तू मिळे, रोकड नाहीं. पुढें २००० सालीं नॅन्सी पेट्री यांनीं मद्यपींचा श्वास तपासून त्यांना एका भांड्यांतून चिठ्ठ्या काढावयास दिल्या. पुष्कळ चिठ्ठ्यांवर नुसती शाबासकी असे. तरीहि ही युक्ति लागू पडली! मला कुपनापेक्षां या रित्या शाबासकीचेंच नवल अधिक वाटतें.

व्यसनाचें बळ त्याच्या तांतडींत आहे. गुत्त्यावरचा पेला आतां सुख देतो. सुटलेलें गहाण, सुधारलेली प्रकृति, हीं सुखें वर्षांनीं येतात. त्या उधारीला आजच्या आज थोडा रोख जोडावयाचा, एवढेंच या उपचाराचें मर्म.

ओतूरला चैतन्य महाराजांची समाधि आहे. तुकोबांच्या गुरुपरंपरेशीं ती जोडली जाते. या मुलखांत तुळशीची माळ घालणारा मद्यमांस वर्ज्य करतो. आपण त्याच्या निग्रहाचें कौतुक करतों, पण त्याला मिळणारें वेतन विसरतों. काल ज्याला पाहून लोक वाट बदलीत, तो माळ घालतांच ‘माउली’ होतो. वडीलधारेहि त्याच्या पायांवर वांकतात. भजनांत टाळ हातीं येतो, आणि तोहि नेमका गुत्त्याच्या वेळीं.

बक्षिसें थांबलीं कीं पुष्कळांचा गुण ओसरतो, हें या पाश्चात्त्य रीतीचें खरें उणें. कुपनें कांहीं आठवड्यांनीं संपतात. ‘माउली’ ही हांक संपत नाहीं. परंतु माळ सर्वांनाच घालतां येत नाहीं. नारायणगांवच्या टोमॅटोच्या बाजारांत राबणारा परमुलखांतला मजूर ना इथल्या दिंडींतला, ना भजनांतला. संध्याकाळीं मजुरी हातांत पडली कीं त्याला नांवानें हांक मारणारा गुत्तेवालाच असतो. त्याच्यासाठीं कोणी चिठ्ठ्यांचें भांडें मांडील, तर पहिल्या महिन्याच्या बक्षिसांचा खर्च मी आनंदानें देईन.