पेशंटसोबत कोण आहे?

कॅज्युअल्टीच्या दारात स्ट्रेचर थांबलं की वॉर्डबॉय, सिस्टर आणि केसपेपर काढणारा माणूस, तिघंही एकच विचारतात. "पेशंटसोबत कोण आहे?" या एका प्रश्नात बरंच काही असतं. पैसे कोण भरणार, सही कोण करणार, औषधं आणायला खाली कोण पळणार, रात्री बाकड्यावर कोण झोपणार. आणि पेशंटला काय झालंय, हे कोण सांगणार. ज्याला स्वतः बोलता येत नाही त्याची सगळी हिस्टरी सोबत आलेल्या माणसाच्या तोंडून येते. शेवटचं कधी खाल्लं, लघवी कधी झाली, गोळ्या कुठल्या, डोळे कधीपासून मिटलेत. डॉक्टरांचं पुढचं बरंचसं गणित या उत्तरांवर उभं असतं.

आता समजा पेशंटची ही अवस्था सांभाळणाऱ्यांमुळेच झालीय. मग ही उत्तरं कोणी द्यायची?

आमच्या बिल्डिंगमध्ये, इंदिरानगरला, दुसऱ्या मजल्यावर एक आजी राहतात. वय ८३. तीन वर्षांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणंही जवळजवळ गेलं. मुलगा बंगळुरूला, माझ्यासारखाच आयटीत. त्यानं ब्युरोची बाई ठेवली होती, चोवीस तासांची. पैसे दर महिन्याच्या एक तारखेला जायचे, दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल व्हायचा. वाईट मुलगा म्हणावा असं त्याच्यात काही नाही, हे आधीच सांगते. पुढचं वाचताना तुम्हाला कोणीतरी खलनायक हवासा वाटेल. मलाही वाटला होता.

या एप्रिलमध्ये आई चैत्रगौरीची आंबेडाळ आणि पन्हं द्यायला खाली गेली. नाशिकच्या थंड हवेच्या गप्पा आता बिल्डरांच्या जाहिरातीतच उरल्यात, पारा चाळिशीला टेकला होता. दार उघडणारी बाई नवीन होती, कामावर तिचा दुसरा दिवस. "त्या झोपूनच असतात," ती म्हणाली. आईनं हाक मारली, हात हलवला, चमच्यानं पन्ह्याचे दोन थेंब ओठांना लावले. ते ओघळून उशीवर गेले. आईनं पुढे काही पाजायचा प्रयत्न केला नाही, ते बरं झालं. अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात पाणी घातलं तर ते फुप्फुसात जाऊ शकतं. मी १०८ ला फोन लावला.

१०८ बद्दल थोडं सांगायला हवं, कारण आपल्या पिढीला जेवणाचं पार्सल कुठवर आलं हे ॲपवर बघायची सवय आहे, पण ही सेवा कशी चालते ते फारसं माहीत नसतं. महाराष्ट्रात ती २०१४ मध्ये सुरू झाली, ९३७ गाड्यांनिशी. त्यातल्या २३३ गाड्यांमध्ये व्हेंटिलेटरसारखी प्रगत साधनं, बाकी ७०४ मध्ये मूलभूत सोय. प्रत्येक गाडीत ड्रायव्हरबरोबर डॉक्टर असतो आणि पैसे पडत नाहीत. आमच्याकडे आलेल्या डॉक्टरांनी आधी बीपी आणि शुगर बघितली, मग आजींना कुशीवर वळवलं.

तेव्हा आम्हाला पाठ दिसली. कमरेच्या खाली, माकडहाडाच्या वर, तळहाताएवढी जखम. कडा काळ्या पडून वाळलेल्या, मध्ये पू. दोन्ही टाचांना लहान जखमा. आई तोंडावर पदर धरून बाहेर गेली. रविवारच्या व्हिडिओ कॉलमध्ये काय दिसत असेल, हे मला त्या क्षणी समजलं. चेहरा, विंचरलेले केस, गळ्यापर्यंत ओढलेली चादर. कॅमेऱ्याला पाठ दिसत नाही.

बेडसोअर कसा होतो, हे मी नंतर वाचलं. माणूस एकाच जागी पडून राहिला की हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, तिथला रक्तपुरवठा थांबतो आणि मांस मरायला लागतं. झोपेत आपण नकळत सारखी कूस बदलतो, म्हणून आपलं निभतं. ज्याला ते जमत नाही त्याला साधारण दर दोन तासांनी कोणीतरी वळवावं लागतं, दिवसा आणि रात्रीही. म्हणजे दिवसातून बारा वेळा. एकटी बाई, पासष्ट किलोचा अर्धांगवायू झालेला देह. तिला हे कसं करायचं ते ना ब्युरोनं शिकवलं, ना कोणी विचारलं की एकटीला झेपतंय का.

मुलाला फोन लावला. तो रडवेला झाला, म्हणाला खासगीत न्या, पैसे लगेच जीपे करतो. म्हणून आधी एका खासगी हॉस्पिटलमध्ये गेलो. तिथे चाळीस मिनिटं गेली. डिपॉझिटची तयारी होती, पण ब्लड रिलेटिव्हची सही हवी होती. मुलगा फोनवर आहे, चालणार नाही. आम्ही शेजारी आहोत, चालणार नाही. गाडीतल्या डॉक्टरांनी घड्याळ बघितलं आणि गाडी सरळ सरकारी हॉस्पिटलकडे वळवायला सांगितली.

कायदा या बाबतीत आश्चर्य वाटावं इतका स्पष्ट आहे. एका स्कूटरस्वाराला गाडीनं उडवलं, जवळच्या डॉक्टरांनी 'ही पोलीस केस आहे' म्हणून हात लावला नाही, वीसेक किलोमीटरवरच्या दुसऱ्या हॉस्पिटलकडे पाठवलं आणि तो वाटेतच गेला. या बातमीवरून परमानंद कटारा यांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्ये सांगितलं की डॉक्टर सरकारी असो की खासगी, आधी जीव वाचवायचा, बाकीचं नंतर. सहीचंही उत्तर आहे. पेशंट संमती देऊ शकत नाही, त्याच्या वतीनं कायद्यानं संमती देऊ शकणारा कोणी वेळेत मिळत नाही, अशा वेळी त्याच्या भल्यासाठी सद्हेतूनं केलेली कृती गुन्हा ठरत नाही. भारतीय दंड संहितेत हे कलम ९२ होतं, आता न्याय संहितेत ३० आहे. हे सगळं मला त्या लॉबीत माहीत नव्हतं. माहीत असतं तरी रिसेप्शनवरच्या, माझ्याच वयाच्या मुलीच्या हातात फॉर्म होता आणि फॉर्ममध्ये तो रकाना भरणं सक्तीचं होतं. असे फॉर्म आम्हीच बनवतो. लाल फुली असलेला रकाना रिकामा राहिला की पुढचं बटण दाबलंच जात नाही.

सरकारी हॉस्पिटलात केसपेपरवाल्यानं विचारलं, "नातं?" मी म्हणाले, "शेजारी." त्यानं मान वर न करता लिहिलं, 'नात'. मी दुरुस्ती केली नाही.

कॅज्युअल्टीतली डॉक्टर इंटर्नशिप नुकतीच संपलेली असावी. तिनं नेहमीचे प्रश्न विचारले आणि आम्हाला एकाचंही उत्तर आलं नाही. नवीन बाईला दोन दिवसांपलीकडचं ठाऊक नव्हतं, जुनीचा फोन बंद, मुलगा म्हणत होता, "रविवारी तर ठीक होती." आमच्याकडे एखादं फुटकळ काम दुसऱ्याला द्यायचं तरी हँडओव्हरची कागदपत्रं लागतात. इथे एक अख्खं माणूस एका बाईकडून दुसरीकडे गेलं आणि सोबत चिठ्ठीही नव्हती. हेळसांड घरात थांबत नाही, ती पेशंटबरोबर हॉस्पिटलातही येते, माहितीच्या खड्ड्यासारखी.

मग त्या मुलीनं प्रश्न विचारणं सोडलं आणि आजींचं शरीर वाचायला घेतलं. दुसरा शब्द मला सुचत नाही. जीभ पाहिली, चामड्यासारखी कोरडी. छातीच्या हाडावरची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. वाढलेली नखं पाहिली, काखा पाहिल्या. जखमेला पट्टी लावून सेंटिमीटरमध्ये माप लिहिलं, नऊ बाय सात. "ही दोन दिवसांची नाही," ती म्हणाली, "तीन-चार आठवडे तरी झालेत." रक्ताचा रिपोर्ट आला. सोडियम १६८, एरवी १३५ ते १४५ असतं. शरीरातलं पाणी आटलं की ते असं चढतं.

इथे माझ्या डोक्यातला सोपा हिशेब चुकीचा ठरला. पाणी कमी आहे तर भराभर सलाईन द्या, उपाशी आहे तर जेवू घाला, असं आपल्याला वाटतं. पण हळूहळू चढलेलं सोडियम झटक्यात खाली आणलं तर मेंदूला सूज येते, म्हणून ते दिवसाला दहा-बारा अंकांपलीकडे उतरू देत नाहीत. बरेच दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम पोटभर दिलं तर रक्तातल्या क्षारांचा तोल जाऊन हृदय बंद पडू शकतं. दुसऱ्या महायुद्धातून सुटलेल्या युद्धकैद्यांमध्ये हे दिसलं होतं, छावणीत तगलेली माणसं सुटकेनंतरच्या जेवणानं गेली. म्हणून किती दिवस पाणी नाही, किती दिवस अन्न नाही, हे डॉक्टरला माहीत असणं जिवाचं काम असतं. सांगणारं कोणी नसेल तर ती सगळ्यात वाईट शक्यता धरून, सावकाश चालते. आजींचं सोडियम ताळ्यावर यायला तीन दिवस लागले.

जुन्या बाईचा फोन दुसऱ्या दिवशी लागला. तिनं काही लपवलं नाही. "ताई, पाणी जास्त दिलं की डायपर जास्त लागतात. डायपर संपले की साहेबांना सांगायचं, ते चार दिवसांनी येणार. आणि एकटीनं उचलताना माझी कंबर जाते." म्हणून पाणी कमी. म्हणून डायपर कमी, वळवणं कमी. तिच्या बाजूनं बघितलं तर प्रत्येक पायरी समजण्यासारखी आहे आणि खाली उतरत गेल्यावर सोडियम १६८ आहे.

हॉस्पिटलनं पोलिसांना कळवलं. हवालदार आले, सज्जन होते. "मारहाण झालीय का?" नाही. "दागिने, पैसे?" नाही. "मग तक्रार कोणाविरुद्ध?" २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम २४ आहे. ज्याच्यावर सांभाळण्याची जबाबदारी आहे त्यानं वृद्धाला पूर्णपणे टाकून देण्याच्या हेतूनं कुठेतरी सोडलं, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण आजींना कोणी कुठेच सोडलं नव्हतं. त्या स्वतःच्या घरात, स्वतःच्या पलंगावर, पगारी माणसाच्या देखरेखीखाली होत्या. कायद्याच्या डोळ्यासमोर रस्त्यावर किंवा कुंभमेळ्यात सोडलेली म्हातारी आहे. लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर डॉक्टरनं कळवणं पॉक्सोखाली बंधनकारक आहे, न कळवणं गुन्हा आहे. अमेरिकेत बहुतेक राज्यांत वृद्धांच्या हेळसांडीबाबतही डॉक्टर-नर्सवर अशी सक्ती आहे. आपल्या २००७ च्या कायद्यात ती नाही. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन आहे, सकाळी आठ ते रात्री आठ. नंबर सेव्ह करून ठेवा, पण आजींसारख्या माणसानं तो कसा फिरवायचा?

ऑगस्ट २०१७ मध्ये अंधेरीला अमेरिकेहून आलेल्या एका मुलाला फ्लॅटमध्ये आईचा सांगाडा सापडला होता. वर्षभराहून जास्त काळ दोघांचं बोलणं नव्हतं. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होते, हॉस्टेलवर सगळ्यांनी त्या मुलाला शिव्या घातल्या. आजींचा मुलगा दर रविवारी बोलत होता.

या सगळ्यात मला सारखी आठवत होती ती केईएमची गोष्ट. अरुणा शानबाग तिथे नर्स होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ ला हॉस्पिटलातच एका सफाई कामगारानं त्यांच्यावर हल्ला केला, साखळीनं गळा आवळला, मेंदूला कायमची इजा झाली. त्या १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ ४२ वर्षं, केईएममध्येच होत्या. घरचे येईनासे झाले. सांभाळलं ते नर्सेसनी, एकीच्या निवृत्तीनंतर दुसरीनं, त्यांना कधी न भेटलेल्या मुलींनी. ऐंशीच्या दशकात पालिकेनं त्यांना दुसरीकडे हलवायचं ठरवलं तेव्हा नर्सेसनी विरोध करून ते थांबवलं. इतक्या वर्षांत त्यांना बेडसोअर होऊ दिला नाही, हे त्या सेवेबद्दल नेहमी सांगितलं जातं. दिवसातून बारा वेळांचा हिशेब कळल्यावर त्या वाक्याचं वजन कळतं.

आणि ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयासमोर हाच प्रश्न होता. इच्छामरणाची चर्चा सगळ्यांना आठवते, पण त्याआधी एक गोष्ट ठरवायची होती: या बाईंच्या वतीनं बोलायचं कोणी? याचिका लेखिका पिंकी विराणी यांनी त्यांची 'नेक्स्ट फ्रेंड' म्हणून केली होती. न्यायालयानं सांगितलं की तो अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा, कारण रात्रंदिवस सांभाळलं त्यांनी. रक्ताचं नातं नसलेल्या, पाळीवर येणाऱ्या बायका.

आजी एकोणीस दिवस हॉस्पिटलात होत्या. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी तिथल्या समाजसेवा अधीक्षक मॅडमनी मुलाला, मला आणि आईला समोर बसवलं. मुलगा माफी मागायला लागला, तर त्यांनी हातानंच थांबवलं आणि कोरा कागद पुढे ओढला. "यांची कूस कोण बदलणार? नाव सांगा, वेळ सांगा." मुलानं 'दोन बायका ठेवतो' म्हटल्यावर त्यांनी विचारलं, त्यातली एक गावी गेली तर? रात्री दोनला कोण? बारा ओळी भरेपर्यंत त्यांनी कागद सोडला नाही. शिवाय रोज पाणी किती दिलं आणि डायपर किती लागले, याची वही.

मुलगा दोन महिने इथूनच काम करत होता, आता महिन्यातून आठवडाभर येतो. दिवसपाळीला एक आणि रात्रपाळीला एक अशा दोन बायका आहेत, दोघींना वॉर्डातल्या सिस्टरनं वळवायचं शिकवलं. रविवारचा कॉल चालू आहे, पण त्याच्याशिवाय बुधवारी ड्रेसिंगच्या वेळी जखमेचा फोटो जातो, शेजारी पट्टी ठेवून. गेल्या बुधवारी सहा बाय साडेचार होती. दुपारी दोनची कूस माझ्याकडे आहे, डावीकडून उजवीकडे. माझी मीटिंग पावणेदोनला संपते.