‘आपला माणूस’ आणि त्याची हजेरी

आम्ही इंदूरचे मराठी लोक. पोह्यांची बशी हातात आली की राजकारण सुरू. खासदार कुणाच्या लग्नाला आला, कुणाचा फोन उचलतो, यावरून त्याचे गुण ठरतात. ‘आपला माणूस’ म्हटलं की चौकशी संपली! मला हे पटत नाही. म्हणून मी दर निवडणुकीआधी दोन गोष्टी बघते: सभागृहातलं काम आणि उमेदवारीचं शपथपत्र. तुम्हा मुलांना तर हे मोबाइलवरच सापडेल.

आधी हजेरी. खासदाराने हजेरी नोंदवली की तो दिवस हजर. मग आत किती वेळ बसला, ते त्यात येत नाही. मंत्री आणि लोकसभेचे अध्यक्ष हजेरी नोंदवतच नाहीत. १९८९ पासून इंदूरने सलग आठ वेळा निवडून दिलेल्या सुमित्राताई महाजन २०१४ ते २०१९ अध्यक्ष होत्या. त्या वर्षांची टक्केवारी शोधण्यात अर्थ नाही; त्या तर सभागृह चालवत होत्या.

मतदानाचंही तसंच. बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात, त्यात कुणाचं नाव नोंदलं जात नाही. मतविभाजन झालं तरच ते कळतं. २० सप्टेंबर २०२३ ला महिला आरक्षण विधेयक लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजूर झालं, तेव्हा मतं मोजली गेली. त्यातही पक्षाचा व्हिप मोडला तर १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने खासदारकी जाऊ शकते. म्हणून मी त्याने विचारलेले प्रश्न आणि केलेली भाषणं वाचते. तिथे माणूस जास्त दिसतो.

आता पैसा. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे प्रत्येक उमेदवाराला मालमत्ता, कर्ज आणि गुन्हेगारी खटले जाहीर करावे लागतात. एकाच माणसाची लागोपाठची दोन शपथपत्रं शेजारी ठेवा. मालमत्ता वाढली म्हणजे लगेच चोरी नव्हे. जमिनीचे भावही वाढतात. पण जाहीर उत्पन्नाशी वाढीचा मेळ बसत नसेल, तर प्रश्न विचारायलाच हवा.

यात कुणाचा अपमान नाही. घरचा हिशेब आपण विश्वासातल्या माणसालाही विचारतोच ना? मग पुढच्या वेळी कुणी ‘आपला माणूस’ म्हणालं, तर एवढंच विचारा: गेल्या अधिवेशनात त्याने आपल्या शहरासाठी कोणता प्रश्न विचारला?